अपघाताचा जमाखर्च

पैनगंगेच्या दक्षिण तीरावर, जेथे तेलुगू, मराठी, गोंडी आणि उर्दू या चारही भाषा एकाच बाजारपेठेत नांदतात, त्या आदिलाबाद जिल्ह्याचा व्यवहार वर्षातील पाच-सहा महिने कापसाच्या आधाराने चालतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास बाजार समितीच्या आवारात कापसाच्या गाड्यांची रीघ लागली, की शहराभोवतालच्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचे रोलर फिरू लागतात. आणि सरकीपासून रुई वेगळी करणे, तिच्या गठाणी बांधणे व त्या मालमोटारींवर चढवणे हे काम उन्हाळ्याची चाहूल लागेपर्यंत दिवसपाळी-रातपाळीने अखंड सुरू राहते. कापसात ओलावा किती, रुईचा उतारा किती, विजेचा आकार किती, रोलरवरील चामड्याच्या चकत्या किती दिवसांत झिजतात, या सर्वांचा चोख हिशेब कारखान्याच्या दप्तरात असतो. परंतु ज्या हातांनी हा सगळा व्यवहार चालतो त्यांपैकी एखादा हात निकामी झाला, तर त्याची भरपाई कोणी, केव्हा आणि कोणत्या खात्यातून करावयाची, याचे सदर त्याच दप्तरात पुष्कळदा आढळत नाही. हे सदर हंगामापूर्वी उघडणारा मालक आणि अपघात घडल्यानंतर वकिलाचे घर शोधणारा मालक, या दोघांच्या खर्चात किती अंतर पडते आणि ते का पडते, याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कामगाराला इजा झाली असता मालकाने भरपाई द्यावी ही कल्पना परदेशातून आयती आली, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. वस्तुतः १८८४ च्या सप्टेंबरात मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवून नारायण मेघाजी लोखंडे यांनी जे निवेदन तयार केले, आणि ज्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या, त्यात आठवड्याची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आणि वेळेवर पगार या मागण्यांच्या जोडीला आणखी एक मागणी होती: काम करताना गंभीर इजा झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची योग्य तजवीज व्हावी. जर्मनीत बिस्मार्कने अपघात विम्याचा कायदा केला तो याच वर्षी. इंग्लंडने आपला भरपाईचा कायदा केला तो त्यानंतर तेरा वर्षांनी, म्हणजे १८९७ साली. आणि हिंदुस्थानात असा कायदा होण्यास १९२३ साल उजाडावे लागले. केंद्रीय विधिमंडळात कामगारांचे नामनियुक्त प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी बसत होते त्या काळात मंजूर झालेला हा कायदा १ जुलै १९२४ पासून अमलात आला. पुढे २००९ च्या दुरुस्तीने त्याच्या नावातील कामगाराच्या जागी कर्मचारी आला. आणि आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या एका प्रकरणात त्याचा सांगाडा, मुख्य हाडे न मोडता, उचलून ठेवण्यात आला आहे.

या कायद्याचे मर्म एका वाक्यात सांगता येते. इजा कामावर असताना आणि कामामुळे झाली एवढे सिद्ध झाले, की दोष कोणाचा हा प्रश्न गौण ठरतो. त्यापूर्वीच्या इंग्रजी न्यायपरंपरेत मालकाला तीन ढाली उपलब्ध होत्या: कामगाराने स्वतःच हयगय केली, धोका माहीत असूनही त्याने काम पत्करले, किंवा अपघात त्याच्या सहकाऱ्याच्या चुकीने घडला. या तिन्ही ढाली भरपाईच्या कायद्याने मालकाच्या हातून काढून घेतल्या, आणि त्यांच्या बदल्यात त्याला एक मोठी सवलत दिली. ती अशी की, नुकसान कितीही झाले तरी देय रक्कम एका ठरीव कोष्टकाप्रमाणे निघावी, म्हणजे मालकाला आपला संभाव्य बोजा आधीच मोजता यावा. नशापान, सुरक्षेच्या हुकुमाचे जाणूनबुजून उल्लंघन, किंवा यंत्रावरील जाळी मुद्दाम काढून टाकणे ही कारणे दाखवून मालक काही प्रसंगी जबाबदारीतून सुटू शकतो हे खरे. परंतु मृत्यू ओढवला किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले, तर तेही दार बंद होते. ज्या मालकांना हा मूळ करार उमजलेला नसतो ते प्रत्येक अपघातानंतर दोष कोणाचा याचीच चौकशी करीत बसतात, आणि ज्या प्रश्नाला कायद्याने फारसे महत्त्व ठेवलेले नाही त्याच्या उत्तरापायी वेळ, पैसा व माणसाचा विश्वास हे तिन्ही गमावतात.

आता कोष्टकाकडे वळू. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला, आणि कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास शेकडा साठ रकमेला, कामगाराच्या वयानुसार ठरवून दिलेल्या एका अंकाने गुणावयाचे असते. वय जितके कमी तितका हा अंक मोठा: पंचविसाव्या वर्षी तो २१६.९१ आहे, तिसाव्या वर्षी २०७.९८, चाळिसाव्या वर्षी १८४.१७ आणि साठाव्या वर्षी ११७.४१. हिशेबासाठी धरावयाच्या मासिक वेतनाची कमाल मर्यादा १९२३ च्या कायद्याखाली जानेवारी २०२० पासून १५,००० रुपये करण्यात आली होती. समजा, तीस वर्षांचा, महिना १२,००० रुपये मिळवणारा जिन फिटर कायमचा पूर्ण अपंग झाला, तर ७,२०० गुणिले २०७.९८, म्हणजे १४,९७,४५६ रुपये त्याचे होतात. तोच मरण पावला तर त्याच्या अवलंबितांना १२,४७,८८० रुपये मिळावयास हवेत. अंशतः अपंगत्वासाठी कायद्याला अवयववार यादी जोडलेली आहे: अंगठा गेला तर शेकडा तीस, एका हाताची चारही बोटे गेली तर पन्नास, तीन बोटे गेली तर तीस, दोन गेली तर वीस. याच फिटरची तीन बोटे रोलरमध्ये गेली, तर ही रक्कम साडेचार लाखांच्या घरात जाते. तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्याला मासिक वेतनाचा चौथा हिस्सा, म्हणजे एकूण निम्मा पगार, जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत द्यावा लागतो. पहिले तीन दिवस वगळले जातात, मात्र अपंगत्व अठ्ठावीस दिवस किंवा अधिक टिकले तर तेही वगळता येत नाहीत. औषधोपचाराचा प्रत्यक्ष खर्च २००९ च्या दुरुस्तीपासून मालकाच्याच माथी आहे, आणि तो भरपाईतून वळता करून घेता येत नाही.

येथे आदिलाबादच्या मालकाने विशेष लक्ष द्यावे असा एक मुद्दा उपस्थित होतो. देशातील संघटित कारखान्यांपैकी मोठा भाग या सर्व हिशेबापासून मुक्त आहे, कारण तेथे राज्य कामगार विमा योजना लागू आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचा कारभार पाहत असताना प्रा. बी. पी. आदारकर यांनी १९४४ साली जो अहवाल सादर केला, त्याच्या पायावर १९४८ चा कायदा उभा राहिला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी ही योजना कानपूर व दिल्ली येथे प्रत्यक्ष सुरू झाली. दहा किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनेतील, महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन घेणाऱ्या कामगारासाठी मालक वेतनाच्या शेकडा सव्वातीन आणि कामगार पाऊण टक्का भरतो. त्याच्या मोबदल्यात जखमी कामगाराला उपचार मिळतात, सुमारे नव्वद टक्के वेतन महामंडळाकडून मिळते, आणि मालकावर भरपाईचा स्वतंत्र दावा चालत नाही. अशी ही सर्वांच्या सोयीची व्यवस्था आहे. परंतु तिच्या कक्षेतून हंगामी कारखाने वगळलेले आहेत, आणि हंगामी कारखान्यांच्या व्याख्येत अगदी आरंभी ज्यांची नावे येतात ते धंदे म्हणजे कापसाचे जिनिंग आणि प्रेसिंग! नव्या संहितेनेही ही वगळणूक कायम ठेवली आहे. त्यामुळे हैदराबादच्या औषध कारखान्यातील कामगाराचे बोट तुटले तर त्याच्यामागे एक सबंध महामंडळ उभे राहते, आणि आदिलाबादच्या जिनिंगमधील कामगाराचे बोट तुटले तर त्याच्यापुढे एकटा मालक उभा असतो. ज्या कारखान्यात जिनिंगखेरीज दुसराही धंदा चालतो त्याने आपली गणना कोणत्या वर्गात होते हे आधीच पडताळून घ्यावे. परंतु निव्वळ हंगामी कारखान्याच्या मालकाने मात्र एवढे निश्चित जाणावे, की जी व्यवस्था इतरांना कायद्याने उभारून मिळते ती त्याला स्वतःच्या बुद्धीने आणि स्वतःच्या खर्चाने उभारावयाची आहे.

त्या व्यवस्थेचे पहिले अंग म्हणजे विमा. कर्मचारी भरपाईचे विमापत्र सर्वसाधारण विमा कंपन्यांकडून मिळते. त्याचा हप्ता कामाच्या धोक्याच्या प्रतीवर आणि मालकाने जाहीर केलेल्या एकूण वेतनावर ठरतो. हप्ता वाचावा म्हणून चाळीस मजूर असताना पंचवीस दाखवणे, किंवा रोजंदारीचा दर कमी लिहिणे, ही काटकसर नसून स्वतःच विकत घेतलेला धोका आहे. कारण अपघात नेमका न दाखवलेल्या माणसाला झाला, तर विमा कंपनी हात वर करते आणि कायदा मालकाचा हात सोडत नाही. दुसरी गोष्ट अशी, की विमापत्र असले म्हणजे विलंबाची मुभा मिळाली असे होत नाही. भरपाई देय झाल्यापासून एक महिन्यात ती दिली नाही तर शेकडा बारा दराने व्याज चढते, आणि विलंबाला समर्थनीय कारण नसेल तर मूळ रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड बसू शकतो. वेद प्रकाश गर्ग विरुद्ध प्रेमी देवी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली असा निर्णय दिला, की भरपाई आणि व्याज यांची जबाबदारी विमा कंपनीवर टाकता येईल, परंतु मालकाच्या स्वतःच्या कसुरीबद्दल झालेला दंड कंपनीच्या गळ्यात घालता येणार नाही. वर ज्या फिटरची तीन बोटे गेल्याचे कल्पिले त्याच्या बाबतीत हा दंड सव्वादोन लाखांपर्यंत जाऊ शकतो, आणि तो सगळा मालकाच्या तिजोरीतून. रकमेबद्दल वाद असेल तर जेवढी जबाबदारी स्वतःला मान्य आहे तेवढी रक्कम आधी देऊन उरलेल्याबद्दल भांडण्याचा मार्ग कायद्याने दाखवून ठेवलेला आहे. तोच मार्ग शहाणपणाचा, आणि तोच स्वस्ताचा.

दुसरे अंग मुकादमाच्या व्यवहाराचे. जिनिंगमधील हमाली, कापूस ओढणे, गठाणी लावणे ही कामे ठेकेदारामार्फत करून घेण्याची प्रथा सर्वत्र आहे, आणि माणसे मुकादमाची आहेत, आमची नाहीत, हे उत्तर मालकाच्या जिभेवर तयार असते. कायदा हे उत्तर ऐकून घेत नाही. जे काम मालकाच्या धंद्याचाच भाग आहे ते ठेकेदाराकडून करवून घेतले, तरी भरपाईसाठी मूळ मालकच जबाबदार धरला जातो. ठेकेदाराकडून ती रक्कम वसूल करण्याचा हक्क त्याला आहे, परंतु ते दुसरे भांडण, आणि ते त्याने आपल्या सवडीने करावे. हंगामाच्या आरंभी कागदावर अंगठा घेऊन इजेबद्दल काही मागणार नाही असे लिहून घेण्याचा प्रकार तर सर्वस्वी निरर्थक आहे, कारण भरपाईचा हक्क सोडणारा कोणताही करार कायद्याने रद्दबातल ठरवला आहे.

याहून घातक समजूत गावातल्या तडजोडीची. मजूर मरण पावला, की चार प्रतिष्ठित माणसे बसतात, काही रक्कम ठरते, ती त्याच्या पत्नीच्या हाती दिली जाते, कागदावर सह्या होतात, आणि प्रकरण बेबाक झाले असे मालक समजतो. प्रत्यक्षात मृत्यूची भरपाई या कायद्याखाली नेमलेल्या आयुक्ताकडेच भरावी लागते; परस्पर दिलेली रक्कम, थोड्या मर्यादेतील आगाऊ मदत सोडली तर, भरपाई म्हणून धरलीच जात नाही, आणि सद्भावनेने पैसे देणाऱ्या मालकावरही तीच रक्कम पुन्हा भरण्याचा प्रसंग येऊ शकतो. या नियमामागे मालकाविषयी अविश्वास आहे असे मानण्याचे कारण नाही. विधवेच्या हाती आलेली रक्कम दीर, सासरा, सावकार अशा वाटांनी चार दिवसांत नाहीशी होऊ नये, आणि लहान मुलांचा वाटा सुरक्षित राहावा, एवढ्यासाठी आयुक्ताला मध्ये घातलेले आहे.

तिसरे आणि सर्वांत मोलाचे अंग प्रतिबंधाचे. डबल रोलर जिनवर काम करणाऱ्याला बहुतेक इजा होते ती यंत्र नीट चालू असताना नव्हे, तर ते अडले असता. दोन रोलरांच्या मध्ये ओला किंवा कचरट कापूस गुंतला, उतारा कमी झाला, आणि यंत्र थांबवण्यात जाणारी दोन मिनिटे वाचवण्यासाठी कामगाराने चालत्या रोलरापाशी बोटे नेली, की जे व्हावयाचे ते होते. म्हणून येथे नुसत्या सूचनेच्या पाटीने काम भागत नाही. जिन थांबवण्याची कळ कामगाराच्या हातापाशी असणे, पट्ट्यांवर आणि चाकांवर जाळ्या असणे, गुंता काढण्यासाठी लाकडी किंवा धातूचा आकडा हाताशी असणे, आणि मुख्य म्हणजे यंत्र थांबवल्याबद्दल फोरमनने कधी शब्दही न बोलणे, या गोष्टी आवश्यक आहेत. उताऱ्यावर बक्षीस आणि थांबण्यावर बोलणी अशी रीत जेथे आहे, तेथे अपघाताची किंमत मालकाने आपणहून ठरवून ठेवलेली असते. चालत्या यंत्राची तपासणी किंवा तेलपाणी करावे लागल्यास ते केवळ खास शिकवलेल्या प्रौढ पुरुषानेच, आणि तेही अंगाबरोबर बसणाऱ्या कपड्यांत, करावे, आणि गठाणी बांधण्याच्या कारखान्यात कापूस पिंजणारे यंत्र चालू असेल त्या भागात स्त्रिया व मुले यांना कामाला लावू नये, हे १९४८ च्या कारखाना कायद्याने कधीच सांगून ठेवले. धोतराचा सोगा, पदर आणि गळ्यातील उपरणे यांनी चालत्या पट्ट्यात ओढून नेलेल्या माणसांचा अनुभव त्या कलमांच्या मागे आहे.

इजा केवळ तुटण्या-चिरडण्याचीच असते असेही नाही. रुईची बारीक धूळ वर्षानुवर्षे फुप्फुसात जाऊन जो विकार जडतो त्याला वैद्यकशास्त्रात बिसिनोसिस म्हणतात. सुटीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणे हे त्याचे ओळखीचे लक्षण, आणि भरपाईच्या कायद्याने त्याची गणना व्यवसायजन्य रोगांत केलेली आहे. धूळ ओढून घेणारे पंखे व नळ, तोंडावर बांधावयाचे योग्य आच्छादन आणि हंगामाच्या आरंभी व अखेरीस छातीची तपासणी, यांचा खर्च एका दाव्याच्या तुलनेत क्षुल्लक म्हणावा लागेल. २००० साली सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानाखाली देशातील पुष्कळ जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचे आधुनिकीकरण झाले, कापूस हाताने ओतण्याऐवजी नळांतून व पट्ट्यांवरून जाऊ लागला, आणि माणसाचा हात यंत्रापासून थोडा दूर गेला; परंतु यंत्र नवे झाले तरी फिटर जुन्याच सवयींचा राहिला, तर त्या सुधारणेचे निम्मे फळ वाया जाते. आदिलाबादपासून सुमारे २०० किलोमीटरवर, नागपूर येथे, केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे. हंगामापूर्वी आपला एखादा फिटर तेथे शिकावयास पाठवणे हे विम्याच्या हप्त्याइतकेच भरपाईच्या खात्यात मोडते.

एवढे करूनही अपघात होतील, आणि तेव्हा पहिले काही तास सर्वांत महत्त्वाचे ठरतात. तुटलेले बोट स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून, ती पिशवी बर्फात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवू नये, हे प्रत्येक पाळीतील निदान दोघांना ठाऊक असले पाहिजे. आदिलाबाद येथे २००८ पासून राजीव गांधी वैद्यकीय विज्ञान संस्था उभी आहे. परंतु हाताची सूक्ष्म शस्त्रक्रिया करावयाची झाल्यास नागपूर किंवा सुमारे ३०० किलोमीटरवरचे हैदराबाद गाठावे लागण्याचा संभव असतो, आणि त्या वेळी गाडी कोणाची, सोबत कोण, आगाऊ रक्कम कोण भरणार, ही चर्चा फाटकापाशी सुरू होणे यापरते दुर्दैव नाही. ही तजवीज आधी लेखी करून ठेवावी. कळवल्यापासून तीन दिवसांच्या आत मालकाने स्वखर्चाने कामगाराची वैद्यकीय तपासणी करवून घेण्याची तयारी दाखवावी, अशी तरतूद कायद्यात आहे. तिचा उपयोग संशयासाठी न करता नोंदीसाठी केला, तर पुढे इजा केवढी होती याचा वाद उद्भवत नाही. अपघाताची वेळ, जागा, यंत्राची स्थिती, पाहणारांचे जबाब, हजेरीपट आणि वेतनाची नोंद हे दस्तऐवज त्याच दिवशी तयार झाले, तर ते खऱ्या दाव्याला बळ देतात आणि खोट्या दाव्याला अडवतात. मोठ्या इजेच्या आधी किरकोळ इजांची आणि हुकलेल्या प्रसंगांची जी मालिका घडून गेलेली असते तिचीही नोंद जो कारखाना ठेवतो, त्याला पुढचा अपघात कोणत्या यंत्रावर होणार हे बहुधा आधीच कळते.

यानंतर येतो तो भाग, ज्याकडे आपल्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते: जखमी माणसाला कामावर परत आणणे. हात बांधलेला मजूर घरी महिनोन्‌महिने बसून राहिला, तर त्याचे स्नायू आखडतात, कर्ज वाढते, मन खचते, आणि ज्या मालकाकडून एकदाही विचारपूस झाली नाही त्याच्याविषयी कटुता साठते. पुष्कळ फिर्यादींचे मूळ इजेत नसून या मौनात असते. याउलट, वैद्याने परवानगी दिल्यावर त्याला वजनकाट्यावरील नोंद, गठाणींवर क्रमांक घालणे, फाटकावरील येण्याजाण्याची वही, अशी झेपतील ती कामे दिली, तर त्याचा पगार सुरू राहतो. आणि पंधरवड्याची भरपाई ही अपघातापूर्वीच्या व नंतरच्या कमाईतील फरकापेक्षा अधिक असू नये अशी कायद्याची मर्यादा असल्याने, मालकाचा बोजाही न्याय्य मार्गाने हलका होतो. मात्र हलके काम म्हणजे हलक्या पगाराचे निमित्त नव्हे, आणि जखम भरण्यापूर्वी माणसाला उभे करण्याचे साधनही नव्हे. तसे केल्यास पहिल्या इजेवर दुसरी चढते आणि दोहोंचा खर्च एकाच खात्यात पडतो.

अवयवांची यादी पाहून टक्केवारी ठरवण्यात एक धोका आहे, तो येथेच सांगितला पाहिजे. प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास साबत या १९७५ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचे प्रकरण होते; त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. यादीप्रमाणे हे अपंगत्व अंशतःच ठरले असते. परंतु एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्या माणसाच्या धंद्यापुरते त्याचे अपंगत्व पूर्णच आहे, असे न्यायालयाने मानले, आणि भरपाई अपघाताच्या तारखेपासूनच देय होते हेही स्पष्ट केले. जिन फिटरच्या उजव्या हाताला हाच न्याय लागतो. म्हणून मालकाने यादीतील आकडा पाहण्यापूर्वी आपला माणूस कोणत्या कौशल्यावर पोट भरत होता ते पाहावे, आणि ते कौशल्य गेले असेल तर त्याला दुसरे शिकवता येईल का याचा विचार करावा.

सरहद्दीच्या जिल्ह्यात या सर्वाला एक आणखी पदर आहे. बेला, जैनथ या भागांत मराठी ही घरची भाषा आहे, आणि राज्याच्या सीमेपलीकडील केळापूर, वणी, किनवट या तालुक्यांशी येथल्या लोकांचे नित्याचे येणेजाणे. किनवट तर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत आदिलाबाद जिल्ह्याचाच भाग होता. नदीपलीकडून आलेला मजूर जखमी होऊन गावी परतला म्हणजे प्रकरण आपल्या हद्दीबाहेर गेले, असे मालकाने समजू नये. अपघाताच्या ठिकाणच्या आयुक्ताप्रमाणेच दावेदार जेथे राहतो तेथील आयुक्ताकडेही दावा दाखल करण्याची सोय कायद्याने केलेली आहे. नदीच्या पलीकडे हमालांसाठी १९६९ चा महाराष्ट्र माथाडी कायदा आहे. नदीच्या अलीकडे त्याचा अंमल नाही, म्हणून येथल्या हमालाचा आधार पुन्हा भरपाईचा कायदाच. कामावर ठेवताना प्रत्येकाला त्याच्या भरपाईच्या हक्काची माहिती देणे २०१७ पासून मालकाचे कर्तव्य ठरले आहे. ही माहिती त्या माणसाला समजेल अशा भाषेत पोहोचावी हा तरतुदीचा हेतू असल्याने, तेलुगूच्या जोडीला मराठी, हिंदी आणि गोंडी बोलणाऱ्यांनाही ती तोंडी समजावून सांगितल्याखेरीज तो हेतू सफल होत नाही.

आणि कामाची हद्द आता कारखान्याच्या फाटकापाशी संपत नाही, हेही ध्यानात ठेवावे लागेल. धाराशिव जिल्ह्यातील एका साखर कारखान्याचा पहारेकरी २००३ साली पहाटेच्या पाळीला निघाला असता वाटेत अपघात होऊन मरण पावला. ते प्रकरण बावीस वर्षांनी, जुलै २०२५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले, आणि घर ते कामाची जागा या प्रवासातील अपघातही, वेळ, स्थळ आणि काम यांचा परस्परसंबंध सिद्ध होत असेल तर, कामावरील अपघातच मानावा असे ठरले. नव्या संहितेत हाच नियम शब्दबद्ध झाला आहे. रातपाळी सुटल्यावर मध्यरात्री नागपूर-हैदराबाद महामार्गावरून दुचाकीने किंवा पायी घरी जाणारे मजूर ज्या कारखान्यात आहेत, त्याने त्यांच्यासाठी एका वाहनाची व्यवस्था करणे हे आता निव्वळ औदार्य राहिलेले नाही.

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष असा, की भरपाईचा खर्च आटोक्यात ठेवणे आणि जखमी माणसाला आधार देणे या दोन भिन्न वाटा आहेत असे समजणारा मालक दोन्ही ठिकाणी हरतो; कारण विलंब, नकार, लपवाछपवी आणि परस्पर तडजोड यांपैकी एकही उपाय रक्कम कमी करीत नाही, तर जाळी, नोंद, विमा, तत्काळ उपचार आणि परतीचे काम यांपैकी प्रत्येक उपाय ती कमी करतो. खंडेनवमीला जिनिंगच्या यंत्रांना हळदकुंकू वाहून हंगामाचा आरंभ करण्याची रीत आपल्याकडे आहे. आदिलाबादच्या मालकांना एवढीच विनंती, की त्याच दिवशी प्रत्येक यंत्राची जाळी आणि थांबण्याची कळ तपासावी, विमापत्रातील माणसांची संख्या हजेरीपटाशी ताडून पाहावी, आणि मुकादमाच्या माणसांसह सर्वांना एकत्र बसवून इजा झाली तर काय करावयाचे व काय मिळेल ते त्यांच्या भाषेत सांगावे; रोलर त्यानंतर फिरवावेत.